अर्धं अंगण कोरडं

दिल्लीत तीन आठवडे राहून आले आणि कुतुबमिनार फक्त जीपच्या खिडकीतून बघितला, असं सांगितलं की आमच्या कॉलेजातल्या बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात. "मग इतके दिवस केलंस तरी काय?" असं विचारतात. मी सांगते, माती बघितली. त्यावर त्या एकमेकींकडे बघतात आणि विषय बदलतात. त्यांच्यासाठी, आणि दिल्लीला जाऊन कुतुबमिनारच तेवढा बघून येणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहायला बसले आहे.

मी मराठवाड्यातल्या एका कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं शिकवते आहे. माती चिमटीत धरून, बोटांत चोळून, वेळ पडली तर जिभेवर ठेवून ती कुठली आणि कशी ते मी सांगते, आणि सहसा चुकत नाही. हे मी उगाच विनय दाखवून सांगणार नाही. काळ्या मातीच्या मुलखात जन्म गेल्यामुळे माती म्हणजे काळी, बाकीची सगळी तिची गरीब नातेवाईक, असा एक ताठाही माझ्या अंगात आहे. तो या प्रवासात थोडा उतरला आणि मग दुसऱ्याच कारणानं दुप्पट वाढून परत आला.

मला बोलावलं अनघानं. अनघा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वडील फौजेत, त्यामुळे ती दिल्लीच्या कॅन्टोन्मेंटमध्ये वाढली. तिचं मराठी घरातल्या घरात छान चालतं, पण दोन वाक्यांनंतर त्याला हिंदीचा आधार लागतो. सध्या ती तिथल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात शास्त्रज्ञ आहे. उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून जमिनीवर हिरवळ किती, हे मोजण्याचं तिचं काम. एका रविवारी सकाळी तिचा फोन आला.

"मावशी, दिवाळीच्या आधी तीन हफ्ते येऊ शकशील? झाडांचं मी बघते. पण मला माती कळत नाही यार."

हे वाक्य ऐकलं आणि मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला.

क्वार्टर, दिल्ली

अनघाचं सरकारी क्वार्टर दोन खोल्यांचं. दारात कढीपत्त्याची कुंडी, आत दाण्याच्या कुटाचा डबा आणि शेल्फवर गणपती. एवढ्यावर तिनं महाराष्ट्र उभा केला होता. पहिल्याच सकाळी तिनं पोहे केले. दिल्लीचे पोहे जाड आणि हट्टी असतात, पण मी दोनदा घेतले.

दिल्लीच्या धुळीनं मात्र माझं स्वागत जोरात केलं. स्टेशनवर उतरले तेव्हा पहिली शिंक आली आणि तिथून दोन-अडीच आठवडे नाक जे बंद झालं ते झालंच. या सर्दीला पुढे महत्त्व येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

दुसरी अडचण साड्यांची. मी फिकट रंगाच्या चार सुती साड्या नेल्या होत्या. अनघानं बॅग उघडून बघितली आणि डोक्याला हात लावला.

"फिकट कपडे नको मावशी. त्यावरून उजेड परावर्तित होतो आणि रीडिंग बिघडतं."

मग तीन आठवडे मी तिच्या आईच्या जुन्या गडद साड्या नेसले. माझ्या कपड्यांचाही उजेड मोजला जातो, हे आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

चहा पिता पिता तिनं मला तिचं काम समजावलं. झाडाचं पान सूर्याचा लाल उजेड पिऊन टाकतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा दुसरा एक उजेड परत फेकतं. उपग्रह हे दोन्ही उजेड मोजतो आणि त्यावरून हिरवळ किती ते काढतात. पण उपग्रहाला एकेक पान दिसत नाही. जमिनीचा मोठा चौकोनी तुकडा तो एकदम बघतो, आणि त्या चौकोनात पानांच्या मधून डोकावणारी माती पण येते.

"मूठभर मेथी पांढऱ्या चादरीवर पसर आणि तेवढीच काळ्या घोंगडीवर पसर," ती म्हणाली. "मेथी तेवढीच. पण चादरीची चमक इतकी की पानं त्यात हरवतात. घोंगडीवर तीच पानं जास्त वाटतात. विरळ झाडी असली की उपग्रह असाच फसतो."

म्हणून मोकळ्या मातीचे उजेड वेगळे मोजायचे. प्रत्येक मोजणीचा कागदावर एक ठिपका. एकाच जातीची माती कोरडी असो की ओली, उजळ असो की गडद, तिचे ठिपके साधारण एका सरळ रेघेत येतात. ती मातीची रेघ. चौकोनाचा ठिपका त्या रेघेपासून जितका दूर, तितकी त्यात पानं. ती रेघ बरोबर आली की मातीची लबाडी वजा करता येते.

"रेघेसाठी मोकळ्या मातीच्या जागा तू निवडायच्या," अनघा म्हणाली. "त्यात मी नाही बोलणार."

गुडगावच्या वाटेवर

रोज सकाळी ऑफिसची जीप आम्हाला घेऊन दिल्लीबाहेर पडायची. नवं आर्थिक धोरण येऊन काही वर्षं झाली होती आणि त्याचा सगळा जोर जणू गुडगावच्या रस्त्याला लागला होता. दोन्ही बाजूंना क्रेन उभ्या, बाजरीच्या धाटांमध्ये अचानक काचेची इमारत, तिच्या दारात म्हशी. मोठमोठ्या पाट्यांवर गोरी कुटुंबं हिरवळीवर लोळत होती आणि पाटीच्या खाली गवताची काडी नव्हती. एका पाटीकडे बोट दाखवून अनघा जरा लाजत म्हणाली, "इथे मीही फ्लॅटसाठी नाव दिलंय." मी बघितलं तर तिथे शेतात नांगर चालला होता.

"दहाव्या मजल्यावर," ती म्हणाली.

"म्हणजे नांगराच्या किती वर गं?" मी विचारलं. ती हसली, पण लगेच खिडकीबाहेर बघू लागली.

कारण काम याच्याशीच जोडलेलं होतं. नव्या वसाहतींसाठी जमीन हवी होती. फरीदाबाद आणि गुडगावच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यात हिरवी जमीन कुठली आणि उजाड कुठली याचा नकाशा अनघाला करायचा होता. उजाड म्हणून जी जमीन दिसेल ती वसाहतींच्या यादीत जाणार होती. हा तिचा स्वतःच्या नावावरचा पहिला नकाशा, आणि तो दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी वरिष्ठांपुढे ठेवायचा होता.

बणी

पहिला आठवडा त्या पट्ट्यातली इतर झाडी मोजण्यात गेला, आणि दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिथल्या एका गावी पोचलो. त्याचं नाव लिहीत नाही. गावामागे टेकडीच्या कुशीत त्यांची बणी आहे. आपल्याकडे देवराई असते तशीच ही. आत कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही. झाडं बहुतेक धौची, म्हणजे आपल्या धावड्याच्या भावकीतली, बारीक पानांची, एकमेकांपासून अंतर राखून उभी. मधून मधून दगड आणि वाळूसारखी माती. आपल्या सह्याद्रीतल्या देवराईत शिरलं की अंधारतं. इथे ऊन सगळीकडे सांडलेलं असतं, तरी आत शिरलं की गार वाटतं.

बणीची राखण करणारे म्हातारे म्हणजे ताऊ, थोरले काका. सगळं गाव त्यांना ताऊच म्हणतं, म्हणून आम्हीही तेच म्हटलं. उंच, पांढरं धोतर, पांढरं मुंडासं, हातात काठी. उपग्रहाची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"बेटी, ऊपर से देखण की के जरूरत सै? बणी तो यहीं खड़ी सै."

सरकार वरूनच बघतं, एवढंच अनघानं सांगितलं.

पहिल्या दिवशी फक्त झाडांची मोजणी झाली. यंत्र म्हणजे लांब काठीच्या टोकाला बसवलेली पेटी. ती जमिनीवर धरायची आणि आकडा लिहून घ्यायचा. उपग्रह साडेदहाच्या सुमाराला वरून जातो, म्हणून मोजणीही त्याच वेळी. धूळ इतकी उडत होती की अनघा दर पाच मिनिटांनी ओढणीनं यंत्राची काच पुसत होती. ती वैतागून ताऊंना म्हणाली, "धूल बहुत है ताऊ. मशीन का शीशा खराब हो जाता है." ताऊंनी नुसती मान हलवली.

जेवण त्यांच्या घरी. त्यांच्या सुनेनं, बिमलानं, बाजरीच्या रोट्या हातावर थापून दिल्या. भाकरी आपली मक्तेदारी आहे असं मला वाटायचं. तिची रोटी माझ्यापेक्षा पातळ होती आणि वर लोण्याचा गोळा होता. सोबत लाल मिरचीची चटणी आणि ताक. मी कौतुक केलं तर तिनं पदराआडून हसत आणखी एक वाढली. तिथे पाहुण्याचं कौतुक म्हणजे भूक समजतात.

पुढचे तीन दिवस मोकळ्या मातीचे. बणीच्या तोंडाशी, जीप थांबायची तिथे, एक मोकळं पटांगण होतं. दुसऱ्या दिवसापासून तिथली धूळ शहाण्यासारखी खाली बसलेली होती. जमीन गडद, दाबून बसलेली, डोळ्यांना गार. माझे गुडघे काही टेकडी चढण्याच्या लायकीचे नाहीत, आणि जागा निवडायचा अधिकार माझा. मी पटांगणात फिरून ठिकाणं दाखवली, अनघानं यंत्र धरलं. मातीला हात लावायची बंदी होती, कारण बोटांचे ठसे उमटले तरी उजेड बदलतो. वास घ्यावा तर नाक बंद. जराशी ओल वाटली तर मी म्हटलं, दव पडलं असेल.

"माती चांगली आहे गं," मी अनघाला सांगितलं. "काळसर आहे. या मुलखात एवढी चांगली माती असेल असं वाटलं नव्हतं." तिनं तसं वहीत लिहिलंसुद्धा.

पिवळा नकाशा

शनिवारी सुट्टी असूनही अनघा ऑफिसात गेली होती. संध्याकाळी ती नकाशाचा कागद गुंडाळून घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. हिरवी जमीन हिरव्या रंगात, उजाड जमीन पिवळ्या. बणी जिथे असायला हवी तिथे पिवळा डाग होता.

"असं कसं?" मी म्हटलं. "तिथे झाडं आहेत. मी त्यांच्या सावलीत जेवले आहे."

"मला पण माहीत आहे मावशी. पण सर म्हणतात, जो आँकड़ों में है वही है. शुक्रवारी हाच नकाशा गेला तर बणी यादीत जाईल." तिनं कागदाच्या कडेवर हात ठेवला होता. "ताऊंना काय तोंड दाखवू?"

मी मातीच्या ठिपक्यांचा कागद मागितला. सगळे ठिपके खालच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते. त्यातून पट्टी कशीही ठेवली तरी रेघ निघते. अनघानं आपल्या परीनं एक ओढली होती. ती रेघ वर जाता जाता बहुधा भलतीकडे गेली, हे कळत होतं. पण ठिपके एवढे एकाच जागी का, हे दोघींनाही कळेना. माझ्या निवडीत चूक असेल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. खरं सांगायचं तर मी तो येऊ दिला नाही.

पानिपत, काला अंब

रविवारी पानिपतला जायचं आधीच ठरलं होतं. दिल्लीला राहणारा मराठी माणूस पाहुण्याला काला अंबला नेतो, तसं अनघानं मला नेलं. शेतांच्या मधोमध तो स्तंभ उभा आहे. तिथे उभं राहिलं की आपण आपोआप हळू बोलायला लागतो. साताऱ्याकडचे एक फौजी सपत्नीक आले होते. त्यांनी चपला काढून लांब ठेवल्या, स्तंभाला हात लावला आणि तोच हात छातीला लावला. पानिपतच्या लढाईला एवढ्या लांब चालत आलेल्या माणसांचा मला फार अभिमान वाटला, आणि फार वाईटही वाटलं.

मी वाकून चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. माती कोरडी होती, पिठासारखी, अगदी फिकट. तिची चमक उन्हात डोळ्यांत शिरत होती.

मग झाडाखाली बसून पोळी आणि बटाट्याची भाजी खाल्ली. अनघानं बाटलीतून माझ्या हातावर पाणी ओतलं. हात धुतलेलं पाणी खाली पडलं आणि तेवढीच जमीन गडद झाली. धूळ बसली. काळसर, दाबून बसलेली, डोळ्यांना गार.

मी त्या डागाकडे बघत राहिले.

"अनघा," मी म्हटलं, "सडा आहे तो."

"सडा म्हणजे?"

"अगं, सकाळी अंगणात पाणी शिंपडतात, धूळ बसावी म्हणून."

"ओह, छिड़काव!" ती म्हणाली, आणि मग तिचाही चेहरा उतरला. "मी ताऊंना म्हटलं होतं, धूल बहुत है."

ताऊंनी ते ऐकलं होतं. मान हलवली होती. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पोचायच्या आधी पटांगणावर पाणी शिंपडलं जात होतं. पाहुण्यांना धूळ लागू नये म्हणून. आणि आम्ही त्या ओल्या जमिनीचे उजेड मोजून कोरड्या टेकडीची माती ठरवत होतो.

अनघा दिल्लीत वाढली, तिला सडा माहीत नसेल. मला माहीत होता. मी लहानपणापासून रोज सकाळी सडा टाकला आहे, लग्नानंतर सासरी टाकला आहे. म्हणूनच तर मला काही वेगळं दिसलं नाही. सकाळचं अंगण माझ्या डोळ्यांना ओलंच असतं. काळी, ओली जमीन दिसली की ती जमीन नीट आहे असं माझं मन परस्पर ठरवून मोकळं होतं. सव्वीस वर्षं माती शिकवणाऱ्या बाईनं सडा ओळखला नाही. फौजीबुवांच्या देखत मी कपाळावर हात मारून घेतला.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "तुझ्या साहेबांना सांग, मावशीची चूक झाली."

"बिल्कुल नाही," अनघा म्हणाली. "प्रोजेक्ट माझं आहे. चूक माझी."

ही मुलगी एवढी मोठी कधी झाली, याचा विचार करत मी दिल्ली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पुन्हा बणी

सोमवारी आम्ही जरा लवकर पोचलो. वाटेवर बिमला दिसली. डोक्यावर दोन घागरी, मागे आणखी तीन बायका, त्यांच्याही डोक्यावर घागरी. जीप थांबवून मी विचारलं, पाणी कुठून आणता. तिनं हनुवटीनं टेकडीच्या पलीकडे दाखवलं. "उधर के कुएँ से. गाँव का कुआँ तो सूख गया जी."

आमच्याकडे पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवतात आणि पाणी देतात. इथे पाहुण्याच्या पायाखालच्या मातीलाही पाणी देत होते, आणि ते टेकडी ओलांडून डोक्यावरून आणत होते.

पटांगणात ताऊ उभे होते. जमीन नेहमीसारखी गडद. आता त्यांना सांगायचं कसं? अनघा माझ्याकडे बघू लागली. चूक माझी होती, म्हणून माझ्या मोडक्या हिंदीत मीच बोलले.

"ताऊजी, पानी मत डालिए."

त्यांचा चेहरा एकदम आवळला. "कम पड़ गया के?"

"नहीं, नहीं. गलती मेरी है. हमको सूखी मिट्टी देखनी थी. गीली मिट्टी काली दिखती है. हमने आपकी मिट्टी को गलत समझा, तो ऊपरवाले चित्र में आपकी बणी ही नहीं दिखी."

मला वाटलं, आता काठी आपटून निघून जातील. मेहमानासाठी आणलेलं पाणी मेहमानच नको म्हणतोय, हा अपमान आमच्या गावातही कुणी सहज गिळला नसता. मग त्यांनी हळूच विचारलं, "बणी नहीं दिखी?"

"नहीं दिखी."

"चलो फिर," ते म्हणाले आणि काठी टेकत टेकडीकडे चालू लागले.

माझे गुडघे कुरकुरत होते, पण त्या दिवशी मी त्यांचं काही ऐकलं नाही. ताऊंनी आम्हाला बणीच्या आतल्या उघड्या जागा दाखवल्या, टेकडीवरच्या, उताराच्या, जिथे कधी कुणी पाणी शिंपडलं नव्हतं. माती फिकट होती, किंचित तांबूस, आणि उन्हात चमकत होती. अनघा यंत्र धरत होती आणि आकडे वाचत होती. ते मागच्या आठवड्यापेक्षा कितीतरी मोठे होते. दुसऱ्या दिवशीही गेलो. तेव्हा कुठल्याच वाटेवर पाणी नव्हतं आणि आम्ही केसांपासून पायांपर्यंत धुळीनं माखून परतलो.

मंगळवारी संध्याकाळी टेबलावर कागद पसरला. नवे ठिपके वरच्या कोपऱ्यात पडले. मी जुन्या ओल्या ठिपक्यांवर काट मारायला पेन्सिल उचलली. तीन दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं, अगदी खरोखरचं.

अनघानं माझा हात धरला.

"रुक मावशी. ते पुसू नकोस." तिनं पट्टी उचलली, एक टोक कोरड्या ठिपक्यांवर ठेवलं, आणि दुसरं टोक आपोआप ओल्या ठिपक्यांवर जाऊन बसलं. "रेघेला दोन टोकं लागतात. कोरडं आपण मोजलं. ओलं ताऊंनी दिलंय. बारिश तर झालीच नाही, आपण ओली माती आणली कुठून असती?"

ती सरळ रेघ मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. वर्गात मी शेकडो मुलांशी मातीबद्दल बोलले आहे. पण त्या संध्याकाळी माझ्या भाचीनं मला माती शिकवली, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मी तिला शिरा करून खायला घातला.

शुक्रवार

बैठकीत मला मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली. भिंतीवर नवा नकाशा लावलेला. बणीच्या जागी आता हिरवा रंग होता, फार गडद नाही, विरळ झाडीला शोभेल एवढा. अनघाचे वरिष्ठ चष्मा खाली घेऊन मातीच्या रेघेचा कागद बघत होते.

"ये गीली मिट्टी के नमूने कहाँ से आए? अक्टूबर में बारिश तो हुई नहीं."

अनघानं सगळं सांगितलं. धूळ, छिड़काव, पहिला चुकलेला नकाशा. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "जगह चुनने में हमसे गलती हुई थी, सर."

मला राहवलं नाही. मी उठून उभी राहिले. "इनसे नहीं. मुझसे हुई थी."

खोलीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपण परक्या गावात, परक्या कार्यालयात, बहिणीच्या साडीत उभ्या आहोत याची मला तेव्हा जाणीव झाली. साहेबांनी चष्मा वर घेतला. रागावतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "आप बैठिए. और जाने से पहले ये पूरी बात लिखकर दीजिए. आगे से हर जगह सूखी और गीली, दोनों नापेंगे."

त्यांनी नकाशावर सही केली. त्या वर्षीच्या यादीत बणीचं नाव गेलं नाही. पुढच्या वर्षांचं मी सांगू शकत नाही, कारण क्रेन तिथून फार लांब नव्हत्या. पण जे अनघाच्या हातात होतं ते तिनं चोख केलं. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्ये तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, तू उभी का राहिलीस यार?" मी म्हटलं, "माझ्या मातीची चूक होती. ती मी दुसऱ्याच्या नावावर कशी घालू?"

निघताना

माझी गाडी रविवारची होती. शनिवारी अनघा म्हणाली, ताऊंना सांगून येऊ. ऑफिसला सुट्टी, म्हणून जीप नव्हती. बस आणि मग टमटम करत पोचलो. बिमलाला दिवाळीसाठी मी चकल्या केल्या होत्या, त्या घेऊन.

ताऊंच्या अंगणात शिरलो आणि दोघी जागच्या जागी थांबलो. अंगणाच्या मधोमध जणू कुणी दोरी धरून रेघ आखली होती. डावीकडचं अर्धं अंगण ओलं, गडद, त्यावर खाट टाकलेली. उजवीकडचं अर्धं कोरडं, फिकट, एकही पाऊल न उमटलेलं. कोंबड्या तिकडे जाऊ नयेत म्हणून कडेला काट्यांची फांदी आडवी लावली होती.

ताऊ खाटेवरून उठले. काठीनं आधी ओल्या बाजूकडे, मग कोरड्या बाजूकडे दाखवलं.

"या मेहमान की," ते म्हणाले. "या मशीन की."

यंत्र ऑफिसातल्या कपाटात कुलपात होतं. हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही, आणि अनघालाही झाला नाही. बणी चित्रात दिसली एवढंच तिनं सांगितलं. ताऊंनी मान हलवली, पहिल्या दिवशी धुळीचं ऐकून हलवली होती तशीच, आणि बिमलाला ताक आणायला सांगितलं.

मी चपला काढल्या आणि ओल्या बाजूला जाऊन जमिनीवरच बसले. ताऊ खाटेवर बसायचा आग्रह करत होते. सर्दी एव्हाना गेली होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला त्या मातीचा वास आला.